माहिती भरपूर, पण परिस्थिती काय?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर एक अट घातली आहे : "तू नक्की काय काम करतेस, ते आम्हाला एकदा कळेल असं सांग." अट रास्त आहे. माझ्या आईला शेजारणी विचारायच्या तेव्हा ती "कॉम्प्युटरमध्ये असते" एवढंच सांगायची, आणि शेजारणींना वाटायचं, ही बँकेत एन्ट्री करते. गेली तीस वर्षं तो समज मी कोणाचाही दूर केलेला नाही. आज करते.

माझं काम असं. एखाद्या जागेबद्दल चार ठिकाणांहून चार तऱ्हेची माहिती येते. एक यंत्राचा आकडा, एक कॅमेऱ्यातलं चित्र, एक कोणाचा तरी फोन, एक जुन्या फायलीतला कागद. ती सगळी एकत्र करून "आत्ता इथे काय चाललंय?" ह्या एका प्रश्नाचं उत्तर संगणकाने आपणहून द्यावं, अशी व्यवस्था आम्ही लिहितो. इंग्रजी नाव डेटा फ्यूजन. मी आपलं माहितीचा मेळ म्हणते. पत्रिका जुळवतात तसाच हा मेळ. छत्तीस गुण कधीच जुळत नाहीत आणि अठरांवर निर्णय घ्यावा लागतो.

हे काम रत्नागिरीला नवीन नाही. मिरकरवाड्यातला कुठलाही जुना तांडेल हेच करतो. पहाटे मतलई वारा कसा सुटलाय, आभाळाचा रंग काय, पाण्याला आतून फुगवटा आहे का, शेजारच्या बोटी का परत फिरल्या, वायरलेसवर कोण काय बोलतोय, आणि आता मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा. हे सगळं बघून तो एका वाक्यात सांगतो, "आज नको." आपल्याच बॅचमधला एक जण ट्रॉलरचा मालक आहे, समोरच बसलाय. त्याला मी विचारलं, तुझा तांडेल हे कसं ठरवतो? तो म्हणाला, "बघून." त्या "बघून"मध्ये काय काय आहे, ते सुटं करून यंत्राला शिकवायचं, ह्यात आमच्या क्षेत्राची चाळीस वर्षं गेली.

१९८०च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांचा एक संयुक्त गट बसला आणि त्याने ह्या कामाच्या पायऱ्या पाडल्या. त्या अजून वापरात आहेत. त्यांतल्या तीन महत्त्वाच्या : कुठे काय आहे? त्या सगळ्याचा अर्थ काय? आणि ह्यातून पुढे काय होऊ शकेल? पहिली पायरी आणि दुसरी ह्यांत किती अंतर आहे, ते मिऱ्याच्या किनाऱ्यावर आपण सगळ्यांनी पाहिलंय. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' हे जहाज येऊन किनाऱ्याला लागलं. खलाशी सुखरूप उतरले, जहाज राहिलं, आणि मग कित्येक वर्षं ते आपलं पर्यटनस्थळ झालं. तुमच्यापैकी निम्म्यांकडे त्याच्यासमोरचा सेल्फी असेल.

मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं. ते दर काही सेकंदांनी "मी अमुक जहाज, इथे आहे, इतक्या वेगाने चाललंय" असं सांगत राहतं. ते झालं पहिल्या पायरीचं उत्तर, कुठे काय आहे. आता नांगर टाकून उभं असलेलं जहाज वारा फिरला की नांगराभोवती फिरतं. नकाशावर त्याचे ठिपके कमानीत पडतात. तेच जहाज नांगर ओढत घसरायला लागलं, की ठिपके कमान सोडून एका बाजूला सरकू लागतात. एक ठिपका कितीही अचूक असला तरी हे सांगणार नाही. वीस ठिपके, वाऱ्याची दिशा, तिथली खोली आणि नांगराच्या साखळीची लांबी, हे एकत्र आलं तरच कळतं की हे जहाज उभं नाही, वाहतंय. ही दुसरी पायरी. आणि असंच वाहत राहिलं तर किती तासांत कुठल्या किनाऱ्याला लागेल, ही तिसरी.

आता दोन माहित्या एकत्र करायच्या म्हणजे काय करायचं? बेरीज भागिले दोन? गणिताच्या सरांसाठी एक उदाहरण आणलंय. नदीची पातळी एक यंत्र ५.० मीटर सांगतंय आणि त्याची चूक साधारण १० सेंटिमीटरची असते. दुसरं ५.३ सांगतंय, त्याची चूक २० सेंटिमीटरची. सरासरी ५.१५ येईल. पण जे यंत्र दुप्पट चुकतं त्याचं वजन निम्मं न धरता पाव धरायचं असतं. कारण चुकीचा वर्ग घ्यायचा. मग उत्तर येतं ५.०६. रुडॉल्फ काल्मन ह्यांनी १९६०मध्ये हेच तत्त्व हलत्या गोष्टींसाठी मांडलं : आधीच्या अंदाजाला नव्या मोजणीची दुरुस्ती द्यायची, आणि कोणावर किती विश्वास ठेवायचा ते दर वेळी नव्याने ठरवायचं. अपोलो यान चंद्राकडे जाताना हेच गणित चाललं होतं आणि तुमच्या खिशातल्या फोनमध्येही ते चालू आहे.

इथवर सगळं सोपं आहे. अडचण पुढे आहे. दोन साक्षीदार एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, तेव्हा काय?

२६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच २४ तासांत कुलाब्याने ७३. एकच शहर, एकच खातं, दोन्ही यंत्रं उत्तम. सरासरी काढणाऱ्या यंत्राने ५०८ सांगितलं असतं, आणि तेवढा पाऊस त्या दिवशी ना सांताक्रूझला पडला होता ना कुलाब्याला. दोघे एकमेकांना खोडत नव्हते, दोघे दोन जागांबद्दल बोलत होते. मेळ घालण्याआधीचा प्रश्न हा की हे दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? माझ्या मते आमच्या धंद्यातला निम्मा घोळ इथे होतो. गणित बरोबर असतं, पण ते भलत्याच दोन गोष्टींवर केलेलं असतं. त्या पुरानंतर मुंबईसाठी पाऊस, नद्या, भरती आणि सखल भाग असं सगळं एकत्र बघणारी आयफ्लोज नावाची व्यवस्था २०२०च्या जूनमध्ये सुरू झाली. मधे पंधरा वर्षं गेली. ह्या कामाला किती वेळ लागतो, त्याची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

दुसरा प्रकार ह्याच्या उलटा. साक्षीदार सगळे एकच सांगतायत, पण त्याचे अर्थ दोन निघतात. १८ ऑगस्ट २०२२ला बाणकोटच्या खाडीपलीकडे, हरिहरेश्वरजवळ एक रिकामी बोट किनाऱ्याला लागली. आत माणूस नाही, आणि तीन एके-४७ रायफली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे दहा-बारा दिवसांवर गणपती. २६ नोव्हेंबर २००८ ज्याने पाहिलंय त्याच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. नाकाबंदी झाली, आणि ती योग्यच होती. संध्याकाळपर्यंत दुसरी गोष्ट पुढे आली. गृहमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी ती विधिमंडळात सांगितली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची. मस्कतहून युरोपकडे निघालेली, जूनच्या शेवटी इंजिन बंद पडलं, कोरियाच्या युद्धनौकेने माणसांना वाचवून ओमानच्या हवाली केलं. समुद्र खवळलेला असल्याने बोट ओढून नेता आली नाही. ती जी वाहत निघाली ती आपल्या कोकणात येऊन थांबली.

रायफली त्याच, बोट तीच. अर्थ बदलला तो दोन महिन्यांपूर्वी अरबी समुद्राच्या पलीकडच्या टोकाला झालेल्या एका नोंदीमुळे. म्हणून आमच्या यंत्राला दोन गोष्टी यायलाच हव्यात. एक, दोन-तीन शक्यता शेवटपर्यंत जिवंत ठेवायच्या, पहिली पटली म्हणून बाकीच्या फेकून द्यायच्या नाहीत. दुसरी, "माहीत नाही" असं उत्तर द्यायचं. तुम्हाला वाटेल त्यात काय विशेष? पण संगणकाला हे आपोआप येत नाही. त्याला विचारलं तर तो अर्धं-अर्धं सांगतो, पन्नास टक्के हल्ला, पन्नास टक्के अपघात. "दोन्हीकडे सारखा पुरावा आहे" आणि "माझ्याकडे पुरावाच नाही" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेम्पस्टर आणि शेफर ह्या दोघांनी १९६७ ते १९७६ ह्या काळात त्या वेगळ्या मांडण्याचं गणित दिलं. आणि माहीत नसताना नाकाबंदी करणं ह्यात काही विसंगती नाही. निर्णय खात्रीवरच होतो असं नाही, चुकलो तर काय गमवू त्यावरही होतो. रेड अलर्ट आला, शाळेला सुट्टी दिली आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं, की आपण सगळे हवामान खात्याला हसतो. मुलं मात्र हसत नाहीत, ती खूश असतात.

आता चिपळूण. आज मला मुख्यतः ह्याच्याबद्दलच बोलायचं होतं. ह्या सभागृहात असा एक जण शोधा ज्याचं चिपळूणला कोणी नाही. सापडणार नाही.

२२ जुलै २०२१. आदल्या रात्रीपासून घाटात आणि खाली पाऊस थांबला नव्हता. पहाटेपर्यंत वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि तळमजले बुडाले. २००५चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी त्या खुणेच्या हिशोबाने सामान वर चढवलं होतं, पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. त्या वादातल्या दोषारोपात मी शिरत नाही. त्यावर समित्या झाल्या, आंदोलनं झाली, गाळ काढला गेला, निळ्या आणि लाल पूररेषेवरून अजून भांडणं आहेत. मी फक्त माझ्या कामाच्या नजरेने सांगते, की चिपळुणात पाणी किती येणार हे कळायला कोणाकोणाला विचारावं लागतं.

पहिला पाऊस. तो हवामान खातं मोजतं आणि महसूल मंडळांमधली यंत्रंही मोजतात. सह्याद्रीचा उतार इतका उभा आहे की घाटात पडलेलं पाणी काही तासांत शहरात असतं. दुसरं, कोयना. कोयना नदी पूर्वेला वाहते, पण १९६०च्या दशकापासून तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहात सोडलं जातं, तिथून कोळकेवाडी धरणात, तिथून अलोऱ्याच्या वीजगृहातून खाली, आणि शेवटी वाशिष्ठीत. म्हणजे वाशिष्ठीत सह्याद्रीच्या पलीकडचंही पाणी येतं. ते किती सोडलं, हे वीज बनवणाऱ्यांना आणि जलसंपदा खात्याला ठाऊक. तिसरी भरती. दाभोळच्या तोंडातून भरती आत येते ती गोवळकोटपर्यंत. वरून लोंढा आणि खालून भरती, अशी गाठ पडली की नदीला पाणी टाकायला जागाच राहत नाही. भरतीचं वेळापत्रक भारतीय सर्वेक्षण विभाग वर्षभर आधी छापतो. चौथी, रेल्वे. कोकण रेल्वेने चिपळूण आणि कामथे स्थानकांमधल्या वाशिष्ठी पुलावर पाण्याची पातळी सांगणारं यंत्र बसवलंय. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की गाड्या थांबतात. त्या दिवशी त्या थांबल्या. आपल्या पानवलच्या पुलावर वारा मोजणारं यंत्र आहे तेही ह्याच जातीचं.

म्हणजे माहिती होती, ती चार घरांत होती. आता ती एका टेबलावर आणली असं समजा. मेळ बसेल? लगेच नाही बसणार, आणि आमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा, सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

पाऊस मिलिमीटरमध्ये. धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये. पातळी मीटरमध्ये. बरं, मीटर-मीटर तरी एक? नाही. नदीची पातळी सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात आणि भरतीची उंची सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे जवळपास सगळ्यात खोल ओहोटीपासून. दोन शून्यांत मीटरमध्ये फरक. तीन मीटरची भरती आणि तीन मीटरची नदी एकमेकांशेजारी लिहिली तर सारखी दिसतात, असतात वेगळी.

मग वेळ. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. २२ तारखेच्या सकाळी जो "गेल्या २४ तासांतला" पाऊस जाहीर होतो, तो २१ तारखेच्या साडेआठपासूनचा. त्यातला किती रात्री दहाच्या आत पडला आणि किती पहाटे तीननंतर, हे त्या एका आकड्यात नसतं. आणि पूर तर त्याच्यावरच ठरतो. एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर पाणी होतं. ते चोवीस तासांत आलं तर नदी, चार तासांत आलं तर पूर.

भरतीची वेळ काढायला आपल्या आजोबा-पणजोबांकडे कोष्टक नव्हतं. ते तिथीची पाऊणपट करायचे. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. ह्याला आज अल्गोरिदम म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. त्या वर्षी आषाढी एकादशी २० जुलैला होती आणि गुरुपौर्णिमा २४ला. मधले दिवस धरले तर २२ला भरती सकाळी नऊ-पावणेदहाच्या सुमाराची, आणि पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे रोज चढत जाणाऱ्या उधाणाची. दाभोळपासून वर सरकायला आणखी थोडा वेळ. म्हणजे पहाटे भरलेल्या पाण्याला सकाळी उतरायची वाट मिळण्याऐवजी खालून अडसर येणार, हे पंचांगावरूनसुद्धा सांगता येत होतं. पण पंचांग एका भिंतीवर, पर्जन्यमापक दुसऱ्या आवारात आणि धरणाची नोंदवही तिसऱ्या खोलीत.

माझा मुद्दा एवढाच. ह्यांतली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी एखाद्या वाईट पावसाळी दिवसासारखी दिसू शकते. पाऊस खूप आहे, पण आपल्याकडे जुलैत असतोच. विसर्ग आहे, पण तो असतोच. भरती आहे, ती तर रोज दोनदा येते. धोका ह्यांपैकी कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो. तो त्यांच्या वेळा जुळण्यात असतो. म्हणून तो कोणाला एकट्याला दिसत नाही. कर्मचारी कितीही प्रामाणिक असोत, समोर एकच कागद असेल तर दिसणारच नाही.

यंत्राला शिकवायला सगळ्यात जड जाते ती पुढची गोष्ट. पूर आला की वीज जाते, मोबाइलचे टॉवर बंद पडतात, नदीकाठचं यंत्र बुडतं. मग नकाशावर काय दिसतं? कमी लागलेल्या भागातून भराभर निरोप येतात आणि जिथे सगळ्यात जास्त लागलंय तिथून काहीच येत नाही. भोळं यंत्र समजतं, तिथे ठीक आहे. २२ जुलैला बाहेरगावी असलेले चिपळूणकर आपल्या घरी फोन लावत होते आणि फोन लागत नव्हते. त्यांना त्या न लागण्याचा अर्थ बरोबर कळत होता. कुठल्याही आईला कळतो. दर दहा मिनिटांनी बोलणारं यंत्र गप्प झालं तर ते गप्प होणं हीच बातमी, आणि त्या जागेचा रंग हिरवा नाही, लाल करायचा. वाचायला सोपं आहे. पण कित्येक व्यवस्थांत अजून कोऱ्या रकान्याला शून्य धरतात. मी बघितलेल्या एका व्यवस्थेत (नाव घेत नाही) तीन दिवस बंद असलेलं पर्जन्यमापक तीन दिवस "पाऊस नाही" असं सांगत होतं, जुलै महिन्यात, कोकणात.

आणि गप्प बसण्याच्या बरोबर उलट, गलबला. वर्गात बाई नसताना कप फुटला. बाई आल्या. पाच जण म्हणाले, खिडकीतल्याने फोडला. पाच साक्षीदार म्हणजे खटला संपला? आपल्या बाई हुशार होत्या. त्या विचारायच्या, "तू पाहिलंस?" मग कळायचं, चौघांना पाचव्याने सांगितलंय, आणि पाचवा त्या वेळी पाणी प्यायला गेला होता. पाच साक्षीदारांचा शून्य झाला. यंत्राची ह्याच ठिकाणी हमखास फसगत होते. पन्नास मेसेज आले की त्याची खात्री पन्नास पटींनी वाढते, आणि ते पन्नास मेसेज एकाच मेसेजची पिल्लं असतात. म्हणून बातमीबरोबर तिचं कूळही साठवावं लागतं. कोणाकडून आली, त्याला कोणाकडून. जिथे कूळ कळत नाही तिथे वजन मुद्दाम कमी धरायचं.

पावसाळ्यात "धरण फुटलं" असा मेसेज फिरला नाही असं एकही वर्ष जात नाही. बहुतेक वेळा अफवा असते. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण खरोखर फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या, हे त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांत आलं होतं. आमच्या क्षेत्रात सेन्सर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तारा आणि अँटेना येतात. माझ्या मते धरणाखाली राहणाऱ्या माणसाने सही करून दिलेला अर्ज हाही सेन्सर आहे, आणि चांगला सेन्सर आहे. त्याला जागा माहीत आहे, तो रोज बघतो, आणि खोटं बोलण्यात त्याचा काही फायदा नाही. यंत्राच्या आकड्याबरोबर तो अर्ज त्याच पडद्यावर दिसला पाहिजे. तो आवक-जावक वहीतच राहत असेल, तर लाख रुपयांची यंत्रं बसवून आपण फक्त आकड्यांची श्रीमंती वाढवतो.

तुम्ही म्हणाल, आता उपग्रह आहेत, रडार आहेत, २०२३मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते तो सरकारी इशाऱ्याचा चाचणी मेसेजही आहे. (आमच्या सोसायटीत अर्ध्यांना वाटलं, फोन हॅक झाला.) सगळं खरं. पण रत्नागिरीची एक भौगोलिक अडचण आहे, भूगोलाच्या बाईंना आवडेल अशी. मुंबईचं रडार आपल्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर, गोव्याचं पावणेदोनशेच्या आसपास. रडारचा किरण जवळपास सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. इथे पोचेपर्यंत तो जमिनीपासून तीन-चार किलोमीटर वर गेलेला असतो. आपला पावसाळी पाऊस बऱ्याचदा सह्याद्रीला अडून खालच्या ढगांतूनच कोसळतो. म्हणजे लांबच्या रडारने आपल्या डोक्यावरून बघायचं आणि पाऊस खाली पडायचा. म्हणून इथे जमिनीवरच्या मोजणीला किंमत आहे, आणि एकमेकांपासून स्वतंत्र अशा मोजण्या जितक्या जास्त तितकी अधिक.

त्यामुळे बॅचने शाळेला भेट काय द्यायची ह्यावर जी चर्चा चाललीय (घड्याळ, पाण्याचा कूलर, पुन्हा घड्याळ) तिच्यात माझी सूचना : एक साधं, हाताने वाचायचं पर्जन्यमापक. वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे शाळेच्या वेळेतच, दोन मुलांनी वाचायचं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुन्हा वाचून मग लिहायचं. सुट्टीच्या दिवशी शिपाईमामांना विनंती. वाचलं नाही त्या दिवशी रकान्यात शून्य लिहायचं नाही, "वाचलं नाही" असं लिहायचं. पाच-दहा वर्षांची अशी वही साचली की ती कोणालाही वापरता येईल. जोरदार पावसात मुलांनी दर तासाला वाचलं तर सोन्याहून पिवळं.

आणि आपला बॅचचा ग्रुप. त्यात १४० जण आहेत. रोज सुप्रभात आणि गुलाबाची फुलं येतात, ती येऊ देत. पण मी यादी काढली, आपली माणसं पोफळीला आहेत, अलोऱ्याला आहेत, खेर्डीला, गोवळकोटला, दाभोळला, इकडे राजीवड्यात आणि भाट्याला आहेत. नदीच्या उगमापासून मुखापर्यंत आपली एक माळच आहे. जूनपासून एक वेगळा ग्रुप करू या, फक्त पाण्यासाठी. तिथे फॉरवर्ड चालणार नाही. प्रत्येक निरोपात चारच गोष्टी : कुठून, किती वाजता, काय, आणि "पाहिलं" की "ऐकलं". पुलाच्या कितव्या दगडापर्यंत पाणी आहे एवढं पुरे, फोटो असेल तर उत्तम. जो रोज कळवतो त्याचा एखाद्या मुसळधार रात्री निरोप आला नाही, तर त्याला फोन कोणी करायचा, ते आत्ताच नावानिशी ठरवू या. फोन लागला नाही तर तालुक्याच्या आपत्ती कक्षाला कोणी कळवायचं, तेही.

पर्जन्यमापक बसवायची जागा झाडापासून आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर हवी. आपल्या पटांगणात अशी जागा झेंड्याच्या चौथऱ्याच्या दक्षिणेला आहे, मी सकाळी सरांबरोबर जाऊन पाहून आले. सरांची हरकत नाही, फक्त क्रिकेटचा चेंडू लागणार नाही असं कुंपण करा म्हणाले. ग्रुपसाठी नावं द्यायची वही मागच्या टेबलावर, चहाच्या शेजारी ठेवली आहे. अलोरे आणि दाभोळ ह्या दोन गावांसमोर अजून एकेकच नाव आहे. तिथे दुसरं हवंय.